प्रवाळ सावरतेय का? मालवणात स्नॉर्केलिंग करून नोंदी कशा घ्यायच्या

एप्रिल-मेमध्ये पाणी तापले की मालवणच्या खडकांवरची प्रवाळे फिकट पडतात. काही तर चुन्यासारखी पांढरी होतात आणि बघणाऱ्याला वाटते, मेली. नोव्हेंबरात पाणी निवळल्यावर तोच खडक पुन्हा तपकिरी दिसतो आणि वाटते, सावरली. दोन्ही वेळा अंदाज चुकू शकतो. पांढऱ्या प्रवाळात जीव असू शकतो आणि तपकिरी थर मेलेल्या सांगाड्यावर उगवलेल्या शेवाळाचा असू शकतो. म्हणून सावरण्याबद्दल काही म्हणायचे असेल तर तीच जागा, तीच वसाहत (एकत्र वाढलेल्या प्रवाळ-जीवांचा एक पुंजका), तीच रीत आणि तोच महिना धरून केलेली नोंद हवी. हे काम चार-पाच जणांचा सराव असलेला गट मास्क, फिन्स आणि पेन्सिलीच्या जोरावर नीट करू शकतो. खर्च फारसा नाही, शिस्त मात्र लागते.

जागा आणि परवानगी

मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आजूबाजूचे बुडालेले खडक याच परिसरात येतात. इथली प्रवाळे लक्षद्वीपसारखी निळ्याशार पाण्यात वाढत नाहीत. उत्तरेला कोळंब-कालावलच्या खाड्या आणि दक्षिणेला कर्ली नदी आहे. पावसाळ्यात तिथून गोडे पाणी आणि गाळ येतो. वर होड्यांचे नांगर, पर्यटकांचे पाय आणि अडकून पडलेली जाळी यांचाही मार बसतो. म्हणजे नुकसानीचे कारण एकच नसते. नोंदीच्या कागदावर उष्णता, गाळ, मोडतोड आणि जाळी असे चार वेगळे रकाने ठेवा.

अभयारण्यात अभ्यासासाठी जायचे तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ नुसार परवाना लागतो. वनविभागाला लेखी अर्ज द्या. त्यात जागा, तारखा, माणसांची संख्या आणि 'काहीही उचलणार नाही, खडकात काहीही ठोकणार नाही' हे स्पष्ट लिहा. खडक बांधणारी प्रवाळे याच कायद्याने संरक्षित आहेत. किनाऱ्यावर वाहून आलेला मेलेला तुकडासुद्धा 'नमुना' म्हणून घरी नेऊ नका.

तीन ठिकाणे निवडा. एक जिथे नुकसान झाल्याचे माहीत आहे ते, एक जिथे पर्यटक कमी जातात ते आणि एक मधले. खोली दीड ते तीन मीटर असावी. त्याहून खोल जागी श्वास रोखून केलेले काम घाईचे होते आणि घाईतले आकडे विश्वासाचे नसतात. फोनचे जीपीएस तीन-पाच मीटर इकडेतिकडे दाखवते, त्यामुळे त्यावर भागत नाही. मच्छीमार जसे किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आणून जागा धरतात तसेच करा. समजा, किल्ल्याचा एक बुरूज मागच्या झाडाच्या नेमका पुढे येतो आणि दुसऱ्या बाजूला एक टाकी एका छपराच्या कोपऱ्यावर येते. या दोन रेषा जिथे छेदतात ती तुमची जागा. दोन्ही रेषांचे फोटो काढा आणि वहीत आकृती काढून ठेवा. होडी स्थानिकच घ्या. कुठला खडक कुठे वर येतो आणि वाळूचा पट्टा कुठे आहे हे होडीवाल्याला ठाऊक असते. नांगर त्या वाळूतच पडला पाहिजे.

दिवस पंचांग बघून ठरवा

ही चैनीची गोष्ट नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची ओढ जोरात असते, गाळ उठतो आणि हातभर अंतरावरचे दिसत नाही. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, पाणी शांत असते. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. शुद्ध असो की वद्य, दशमी ते द्वादशी हे दिवस त्यामुळे सोयीचे पडतात. भरतीबरोबर बाहेरचे स्वच्छ पाणी आत आलेले असते, ओढ कमी असते आणि खारे वारे अजून उठलेले नसतात. पक्की वेळ छापील भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून घ्या. काम साडेआठ ते साडेदहामध्ये उरका. त्याआधी सूर्य तिरपा असतो आणि रंग चुकीचा वाचला जातो. त्यानंतर वारा येतो.

वर्षातून तीन फेऱ्या पुरतात: नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत. तुलना मात्र नोव्हेंबरची नोव्हेंबरशीच करायची. हिवाळ्यात सरगॅसम हे शेवाळ खडकांवर उंच वाढते आणि प्रवाळ त्याच्याखाली झाकले जाते. नोव्हेंबर आणि फेब्रुवारीचे आकडे शेजारी ठेवले तर प्रवाळ घटल्याचा भास होतो. मेमध्ये पांढरे पडायला सुरुवात झाली तर पावसापर्यंत दर पंधरा दिवसांनी फक्त रंगाची फेरी करा.

अमेरिकेच्या नोआ या संस्थेचा उपग्रहावर आधारित उष्णतेचा नकाशा इंटरनेटवर फुकट बघता येतो. तापमान नेहमीच्या सर्वात उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा किमान एक अंश वर गेले की मागच्या बारा आठवड्यांतली अशी जादा उष्णता तिथे बेरीज करून दाखवतात. बेरीज ४ झाली की पांढरे पडणे अपेक्षित असते. ८ च्या पुढे मृत्यूची शक्यता वाढते. नोआ आणि आंतरराष्ट्रीय प्रवाळ उपक्रमाने एप्रिल २०२४ मध्ये जगातली चौथी मोठी ब्लीचिंगची (प्रवाळ पांढरे पडण्याची) घटना जाहीर केली तेव्हा हीच मोजणी पायाला होती. पण किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात उपग्रहाचा अंदाज कमी-जास्त होतो. एक साधा थर्मामीटर सोबत ठेवा. बर्फ आणि पाण्याच्या मिश्रणात तो शून्य दाखवतो का ते आधी तपासा. दर वेळी एक मीटर खोलीवर दोन मिनिटे धरून आकडा लिहा.

सामान

पाच जणांसाठी: पाण्यात दोन जोड्या, होडीवर एक. फायबरग्लासची ३० मीटरची उघड्या चाकाची टेप दोन (पोलादी टेप दोन फेऱ्यांत गंजते). रंगाची कार्डे दोन. लिहायला सनबोर्डच्या वहीएवढ्या चार पाट्या. बारीक पॉलिशपेपरने घासल्या की त्यावर पेन्सिल उमटते आणि भांडी घासायच्या पावडरीने पुसली जाते. पेन्सिली आठ, प्रत्येक पाटीला दोऱ्याने बांधलेली एक, बाकी राखीव. लाकडी पेन्सिल भिजून फुगते आणि उलते, तिला दोन रबरबँड गुंडाळा. टेपच्या टोकांना बांधायला शिशाची छोटी वजने. एक मीटर नायलॉन दोऱ्याला बांधलेला लोखंडी नट, हा तुमचा ओळंबा. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपची ५० बाय ५० सेंटीमीटरची चौकट. पाइपला भोके पाडा, नाहीतर हवा भरून ती वर येत राहते. गाळ मोजायला २० सेंटीमीटरची काळी-पांढरी तबकडी. टायरची एक ट्यूब, तिला नारिंगी झेंडा आणि सामानाची जाळीची पिशवी.

पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला म्हणजे पाठीला सनस्क्रीन लावावे लागत नाही. हातमोजे नकोत. मोजे असले की हात आपोआप खडक धरायला जातो.

उतरण्याआधी

लाइफ जॅकेट घालून तरंगता येते, बुडी मारता येत नाही. ज्यांना जॅकेटशिवाय खोल पाण्यात आत्मविश्वास नाही त्यांनी ट्यूबजवळ राहून वेळ आणि आकडे लिहावेत. तेही पूर्ण काम आहे, दुय्यम नाही. बाकीच्यांनी आधी वाळूच्या तळावर सराव करावा. शरीर आडवे, फिन्स पाण्याच्या वरच्या थरात, गुडघे न वाकवता कमरेतून हळू लाथ. उभे राहून मास्क नीट करायची सवय मोडलीच पाहिजे, कारण पायाखाली टर्बिनॅरिया या प्रवाळाची थाळी असेल तर एका टाचेत कित्येक वर्षांची वाढ तुटते.

बुडी मारण्याआधी जोरजोरात श्वास घेऊ नका. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वासाची गरज उशिरा जाणवते आणि वर येता येता शुद्ध हरपू शकते. एक खाली, एक वर आणि वरच्याची नजर खालच्यावर, हा नियम कधीच सोडायचा नाही. बुडीला जितका वेळ लागला त्याच्या किमान दुप्पट वेळ वर विश्रांती. किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्यांच्या वाटेत काम नको. आपल्या होडीचे इंजिनही माणसे पाण्यात असेपर्यंत बंद.

आधी पाण्याची पारदर्शकता मोजा. तबकडी टेपच्या टोकाशी धरा आणि दिसेनाशी होईपर्यंत आडवे मागे जा. तीन मीटरच्या आत दिसेनाशी झाली तर तेवढा आकडा, वेळ आणि तापमान लिहा आणि परत या. अशा पाण्यात गोळा केलेली प्रवाळांची माहिती पुढे गोंधळच घालते. परत आलेली फेरीही वहीत नोंदवा.

रंगाचे कार्ड

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कोरलवॉच प्रकल्पाचे हे कार्ड या कामासाठी सर्वात भरवशाचे. त्यावर बी, सी, डी, ई अशा चार छटा आणि प्रत्येकीत १ ते ६ अंक आहेत. १ जवळजवळ पांढरा, ६ सर्वात गडद. प्रवाळाचा रंग मुख्यतः त्याच्या पेशींत राहणाऱ्या एकपेशीय शैवालाचा असतो. शैवाल कमी झाले की अंक उतरतो.

कार्ड वसाहतीशेजारी, न टेकवता, वळवत धरा. वसाहतीचा सर्वात फिकट भाग शोधा, जुळणारा चौकोन वाचा. मग सर्वात गडद भाग. पाटीवर 'डी २ / डी ५' असे लिहा. हिशेबात सरासरी ३.५. अक्षर फक्त छटा जुळवण्यापुरते, हिशेब अंकाचा. त्याच वसाहतीत दोन फेऱ्यांमध्ये दोन अंकांचा फरक पडला तर शैवालात खरोखर बदल झाला असे धरता येते. एका अंकाचा फरक डोळ्याचा, ढगाचा किंवा गढूळ पाण्याचा असू शकतो. स्वतःची सावली कार्डावर पडू देऊ नका, मास्कची काच रंगीत नको आणि पाण्याबाहेर फोटो बघून अंक देऊ नका.

प्रत्येक ठिकाणी किमान २० वसाहती घ्या. निवडताना फसगत होते: डोळा देखण्या किंवा ठळक पांढऱ्या प्रवाळाकडे जातो. म्हणून टेप पसरून दर मीटरला सर्वात जवळची, तळहाताहून मोठी वसाहत घ्या, कशीही असो. प्रत्येकीचा क्रमांक, टेपवरचे अंतर, डावी-उजवी बाजू आणि दोन फोटो (एक जवळून, एक आजूबाजूच्या खडकासह) ठेवा. पुढच्या वेळी ती फोटोवरून सापडते, खिळा-पट्टी लागत नाही. आणि एखादी मेली तर यादीतून काढू नका, तिच्या जागी शेजारची ठणठणीत घेऊ नका. तिच्यापुढे 'मृत' लिहा. मेलेल्यांना वगळत गेलात तर तीन वर्षांत तुमचा तक्ता सगळे छान असल्याचे सांगेल.

मालवणात नेहमी चुकणाऱ्या गोष्टी इथे तपशिलात सांगायला हव्यात. टर्बिनॅरिया मेसेंटेरिना हे इथले ओळखीचे प्रवाळ. कोबीच्या मोठ्या पानांसारख्या वळलेल्या, पिवळट-तपकिरी थाळ्या असतात त्याच्या. थाळीची कड फिकट असते. ती वाढती कड आहे, ब्लीचिंग नव्हे. फिकट अंक घेताना कडेपासून दोन बोटे आत या. थाळीच्या खोलगटात गाळ साचतो आणि राखाडी पांढुरका रंग दिसतो. अर्ध्या हातावरून तळव्याने पाण्याची हलकी झुळूक द्या, गाळ उडतो आणि खाली खरा रंग दिसतो. गाळ उडाल्यावर खाली पोलिप (प्रवाळाचे बारीक जीव) नसतील, नुसता खडबडीत सांगाडा असेल, तर तो भाग गाळाने गुदमरून मेलेला. तो 'गाळ' रकान्यात जातो. पोरायटिस या प्रवाळाच्या गोट्यांवर कधी गुलाबी ठिपके असतात. ती इजेवरची प्रतिक्रिया असते, वेगळी नोंदवा.

पांढरे प्रवाळ जिवंत की मृत हे असे ओळखा. जिवंत असेल तर सांगाड्यावर ओलसर, पारदर्शक त्वचेचा थर दिसतो, कडा मऊ भासतात, कधी बारीक शुंडके बाहेर असतात. नुकतेच मेलेले असेल तर प्रत्येक पोलिपचा कप धारदार, कोरडा, कोरीव दिसतो. काही दिवसांतच त्यावर हिरवट-तपकिरी लव धरते. मग तेच दुरून 'रंग परत आला' असे दिसते, पण लव पाण्याबरोबर हलते आणि प्रवाळाची त्वचा हलत नाही. जवळून बघायला बुडी मारावीच लागते, वरून तरंगत याचा निकाल लागत नाही.

टेपवरचे बिंदू

रंग प्रवाळाची तब्येत सांगतो, पण किती खडकावर प्रवाळ उरले आहे ते सांगत नाही. त्यासाठी रीफ चेक या आंतरराष्ट्रीय संस्थेची पद्धत आहे. २० मीटर लांब रेषा, दर अर्ध्या मीटरला एक बिंदू, म्हणजे ४० बिंदू. अशा चार रेषा, मधे पाच-पाच मीटर सोडून. एकूण १६० बिंदू. टेप प्रवाळावर गुंडाळू नका, फटींतून न्या, ताठ ठेवा. बुडी मारून टेपच्या खुणेवरून ओळंबा सोडा आणि नट जिथे टेकतो तेच लिहा, शेजारी कितीही सुंदर प्रवाळ असले तरी. एका बुडीत तीन-चार बिंदू होतात.

प्रकार दहा: कठीण प्रवाळ, मऊ प्रवाळ, नुकतेच मेलेले प्रवाळ, माजलेले शेवाळ, स्पंज, खडक, तुकडे (१५ सेंटीमीटरपेक्षा लहान), वाळू, गाळ, इतर. पांढरे पडलेले पण जिवंत प्रवाळ 'कठीण प्रवाळ'मध्येच जाते. कोकणच्या खडकांवर झोअँथिड या प्रवाळांच्या नातलग जीवांचे हिरवट-तपकिरी गालिचे असतात, बटणे चिकटवल्यासारखे. नवखे त्यांना कठीण प्रवाळ समजतात आणि आकडा फुगतो. त्यांना सांगाडा नसतो; ते मऊ प्रवाळाच्या खान्यात.

एका रेषेत ४० पैकी १० बिंदूंवर कठीण प्रवाळ आले तर २५ टक्के. पुढच्या वर्षी ११ आले म्हणून आनंद मानू नका. एकूण प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास असेल तर १६० बिंदूंच्या मोजणीतसुद्धा सुमारे सात टक्क्यांची चूक दोन्ही बाजूंना संभवते. दोन वर्षांची तुलना करताना दहा टक्क्यांहून लहान फरकाला वाढ किंवा घट म्हणू नये.

पिल्ले मोजा

खरे सावरणे दिसते ते चौकटीत. ५० सेंटीमीटरची चौकट रेषेलगत ठरलेल्या पाच जागी उघड्या खडकावर धरा आणि पाच सेंटीमीटरपेक्षा लहान प्रवाळे मोजा. एक-दोन रुपयांच्या नाण्याएवढा, तळाला घट्ट, कडा गोल असलेला ठिपका म्हणजे बहुधा नवे पिल्लू. वेड्यावाकड्या कडेचा, आजूबाजूला मेलेला सांगाडा असलेला तुकडा म्हणजे मोठ्या वसाहतीचा उरलेला अंश. तो वेगळा लिहा. वर्षानुवर्षे पिल्ले शून्यच राहिली तर उरलेली मोठी प्रवाळे रंगाने कितीही छान असोत, भवितव्य अवघड आहे. शून्य आले तर शून्य लिहा. रिकामा खाना म्हणजे 'बघितले नाही' असा अर्थ होतो. घाई नको, कारण पोरायटिसचा गोटा वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतो.

चौकटीचा फोटो सरळ वरून, फ्लॅश बंद ठेवून काढा. फ्लॅशने पाण्यातला कण न् कण चमकतो आणि मागचे काही दिसत नाही. पहिला फोटो तारीख, जागा, रेषा लिहिलेल्या पाटीचा.

मासे मोजायचे तर पाणी पाच मीटरपेक्षा स्वच्छ हवे. शेवाळ खाणारे पोपटमासे आणि सर्जन, शिवाय फुलपाखरू मासे, गोबरा, तांबोशी एवढेच. टेप टाकल्यावर पंधरा मिनिटे लांब थांबा, मग मोजा.

किनाऱ्यावर आल्यावर

त्याच दुपारी, जेवण्याआधी, पाट्यांचे फोटो काढा आणि दोघांनी मिळून आकडे तक्त्यात भरा: एक वाचतो, दुसरा लिहितो, मग उलट. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधे पाठवले तर दबतात आणि वेळेची माहिती गळते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा थेट कार्डवरून उतरवा. टेप आणि मास्क गोड्या पाण्याने धुवा.

दर फेरीला दोघांनी त्याच दहा वसाहतींचे रंग एकमेकांना न सांगता वाचावेत. एकापेक्षा जास्त अंकाचा फरक वारंवार येत असेल तर त्या दिवसाचे आकडे वापरण्याआधी सराव वाढवा. माहितीची एक प्रत वनविभागाला द्या, रंगाच्या नोंदी कोरलवॉचवर भरा आणि गोव्यातल्या दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांना कळवा. त्यांनी मालवणच्या प्रवाळांवर काम केलेले आहे. चांगल्या प्रवाळाची नेमकी जागा मात्र समाजमाध्यमांवर टाकू नका. पुढच्या रविवारी तिथे चार होड्या नांगर टाकतील.

पुढच्या फेरीला जाताना जागेचे आणि वसाहतींचे फोटो सोबत न्या. मागच्या वेळचे अंक होडीवरही नकोत. ते माहीत असले की डोळा तेच चौकोन शोधतो.